काडतूस घरी भरणं परवडतं का?



भात पोटरीत आलं की रानडुकरं शेतात उतरतात. मग पीक संरक्षणाचा परवाना असलेल्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. काडतुसं महाग झाली, अमेरिकेत लोक घरीच भरतात, मग आपण का नाही?

आधी तिकडचा हिशेब बघा. तिथे वापरलेली काडतुसं परत भरणारे बरेचसे लोक तबकड्यांवर नेमबाजी करणारे. वर्षाला हजारो बार काढतात. तरी साध्या १२ बोअरमध्ये त्यांचंही फार वाचत नाही, कारण कारखान्याचा माल घाऊक भावात स्वस्त पडतो. बचत होते ती २८ बोअरसारख्या कमी खपाच्या काडतुसांत.

आता आपलं गणित. समजा यंत्र १५,००० रुपयांना पडलं आणि काडतुसामागे २० रुपये वाचले. म्हणजे ७५० काडतुसं भरल्यावर यंत्राचे पैसे निघणार. आपण वर्षाला वापरतो फार तर १५. झाली की ५० वर्षं! तोवर यंत्रही मोडीत आणि आपणही.

त्यात कायदा. बंदुकीचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. आणि दारूचं माप चुकलं तर नळी तोंडाजवळच फुटते. कोकणात कुणी म्हणेल, ठासणीची बंदूक तर आपण हातानेच भरतो. बरोबर, पण तिची रीत वेगळी. त्या अंदाजाने काडतूस भरायला जाऊ नये.

माझं मत विचाराल तर खर्च काडतुसाचा नाहीच, खर्च आहे रात्रीच्या राखणीचा आणि गेलेल्या पिकाचा. बंदुकीचा परवाना असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही. म्हणजे बहुतेक बार आवाजापुरतेच, आणि आवाजाला डुक्कर चार दिवसांत सरावतं.

त्यापेक्षा चार शेजारी मिळून सौर कुंपण करा. तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर झटका जमिनीत जातो. नुकसान झालंच तर ३ दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. काडतुसं मोजकी, दुकानातूनच आणि पावती घेऊन.

पैसा घालायचाच तर कुंपणात घाला. ते रोज रात्री जागं असतं.