नकाशात ऊस कोरडा, बांधावर कमरेएवढं पाणी

शेतकरी मित्रांनो, आज थोडं तिखट लिहितोय. पुराच्या नुकसानीत उपग्रहाचा नकाशा पुरावा म्हणून पुढं यायला लागलाय. येऊ दे, तंत्राला विरोध नाही. पण कुठलं रडार, कुठली लहर, कुठल्या दिवशीचं चित्र, हे काहीच न सांगता "नकाशात तुमचा गट कोरडा दिसतोय" म्हणून माणसाला परत पाठवायचं, याला विरोध आहे. २०२१ च्या पुरानंतर एका कार्यालयात मला हेच उत्तर मिळालं. कृष्णाकाठच्या मळीत चार दिवस पाणी होतं, कांड्यांना मुळ्या फुटलेल्या, शेंड्यात गाळ बसलेला. आणि नकाशा म्हणतो कोरडं!

नकाशा खोटं बोलत नाही. त्याला जेवढं दिसलं तेवढंच तो सांगतो. आता रडारला काय दिसतं ते बघा.

रडार स्वतः लहर सोडतं आणि परत आलेली मोजतं. म्हणून त्याला ढग आड येत नाहीत, रात्र आड येत नाही. उघडं, शांत पाणी आरशासारखं असतं. तिरकी आलेली लहर ते पलीकडं फेकून देतं, परत काहीच येत नाही, म्हणून चित्रात काळा डाग दिसतो. बहुतेक पूर-नकाशे हाच काळा डाग शोधतात. पण उसात पाणी शिरलं की डाग काळा पडेलच असं नाही. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-१ उपग्रहाची लहर सी-बँडची, म्हणजे साधारण साडेपाच सेंटिमीटरची. दहा-बारा फुटी दाट उसात ती बरीचशी पाल्यातच अडकते. खालच्या पाण्याची तिला खबरच नाही.

एल-बँडची लहर साधारण २४ सेंटिमीटरची. ती पाल्यातून खाली उतरते, पाण्यावर आपटते, तिथून उभ्या खोडावर, आणि सरळ रडारकडं परत येते. या दुहेरी टप्प्यामुळं पिकाखालचं पाणी काळं नाही, उलट जास्त उजळ दिसतं. म्हणजे काळं तेवढंच पाणी धरणारा माणूस उसातलं पाणी हमखास सोडणार.

हे विमानातून करता येतं, आणि केलेलं आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरेन्स वादळाचा पूर आला, तेव्हा नासानं यूएव्हीसार हे एल-बँड रडार विमानाला लावून कॅरोलायनातल्या नद्यांवरून फिरवलं आणि झाडीखाली पसरलेलं पाणी टिपलं. आपल्याकडं तंत्र नाही असंही नाही. एल आणि एस अशा दोन्ही बँडचं विमानी रडार इस्रोनं स्वतः बनवलंय. डिसेंबर २०१९ मध्ये ते नासाच्या विमानावरून अमेरिकेतही उडालं. तिकडच्या रानावरून उडतं, तर कृष्णा-पंचगंगेच्या पुरावरून का नको?

काही जाणकार म्हणतील, आता नायसार आलाय, विमान कशाला? नायसार जुलै २०२५ मध्ये सुटला, एल आणि एस बँडचा आहे, आनंदच आहे. पण त्याच मार्गावर तो १२ दिवसांनी येतो. जाता-येताचे दोन्ही फेरे धरले तरी सरासरी सहा दिवस. पूर त्याचं वेळापत्रक बघून येत नाही. विमान आज उडवता येतं, उद्या परत त्याच पट्ट्यावरून नेता येतं. पाणी किती दिवस उभं होतं हे त्यातून कळतं, आणि ऊस जगतो की कुजतो हे त्या दिवसांवरच ठरतं.

एल-बँडलाही मर्यादा आहेत, त्या लपवायच्या नाहीत. फार दाट उसात तीही लहर कमजोर होते. ऊस लोळला तर उभं खोडच राहत नाही, मग उजळपणा कमी होतो. शेंड्यासकट बुडाला तर ते उघड्या पाण्यासारखं काळंच दिसणार. म्हणून पुराआधीचं आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवून फरक बघावा लागतो, आणि शेवटी बांधावर माणूस जावाच लागतो.

तेव्हा मागणी सरळ आहे:

१. प्रत्येक पूर-नकाशावर रडारचा बँड, तारीख आणि वेळ छापा. ज्या पिकाखाली ते रडार बघू शकत नाही, तिथं "कोरडं" न लिहिता "दिसत नाही" लिहा.

२. नकाशात पाणी दिसलं तर पंचनामा लवकर करा. दिसलं नाही म्हणून पंचनामा नाकारू नका.

३. पुराचं पाणी चढेल तेव्हा नदीकाठच्या ऊसपट्ट्यावर एल-बँड रडारचं विमान फिरवायची तयारी पावसाळ्याआधी करून ठेवा. पूर आल्यावर फायली हलवून उपयोग नाही.

कृषी पदवीधर आणि नकाशावाल्या मित्रांनो, तुमचा एक रंग चुकला की इकडं एकाचं वर्ष जातं. आणि शेतकरी भावांनो, कुणी "नकाशात दिसत नाही" म्हणालं की भांडू नका. एकच विचारा: "साहेब, बँड कुठला?"