कापसाला जाहीर हमीभाव प्रत्यक्ष हातात मिळण्याबाबत निवेदन

धाड, ता. जि. बुलढाणा
डिसेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, बुलढाणा

महोदय,

याच विषयावर आम्ही संबंधित कार्यालयात दोनदा अर्ज दिले. दोन्हींची पोच आहे, उत्तर नाही. पहिल्यांदा ‘आठ दिवसांत बघतो’ म्हणाले, दुसऱ्यांदा ‘वरून आदेश आला की कळवू’. म्हणून आपल्याकडे आलो.

यंदा मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव आहे. नोंदणी ‘कपास किसान’ ॲपवर. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याचा सातबारा अजून मयत वडिलांच्या नावावर आहे, जो बटाईने करतो, तो इथेच अडतो. वेचणाऱ्या बायांना मजुरी रोख द्यावी लागते. त्यांना ॲपवर मिळणारी विक्रीची तारीख कशी सांगणार? मग कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो, तो म्हणेल त्या भावाने. ज्याची नोंदणी झाली, तो भाड्याची गाडी करून खरेदी केंद्रावर जातो. तिथे ओलावा जास्त म्हणून गाडी परत. किती जास्त, हे कुणी लिहून देत नाही. दुसरे भाडे परवडत नाही, म्हणून तोच कापूस वाटेतल्या व्यापाऱ्याला द्यावा लागतो. ते ‘आठ दिवस’ संपायच्या आत आमच्यातल्या कित्येकांची घरे रिकामी झाली होती.

त्यात बोंडे फुटायच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हटले, मग ३१ डिसेंबरपर्यंत नेले. हा परदेशी कापूस स्वस्त पडतो, कारण अमेरिकेचे सरकार तिथल्या कापूसवाल्याला अनुदान देते. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या गरीब देशांनी त्याविरुद्ध २००३ साली कानकुनच्या जागतिक व्यापार परिषदेत दाद मागितली होती. तिथला कास्तकार आणि धाडचा कास्तकार एकाच भावाने मरतो आहे. शुल्क आपल्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पण आमचे म्हणणे आपल्या शिफारशीसह दिल्लीला जावे.

मागण्या :
१. नोंदणीसाठी धाडला कर्मचारी बसवावा. बटाईदार व वारस नोंद न झालेल्यांची सोय करावी.
२. गाडी परत पाठवल्यास ओलाव्याचा आकडा लिहिलेली, सहीची चिठ्ठी द्यावी.
३. शुल्कमाफीला पुन्हा मुदतवाढ नको.


पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तोंडी आश्वासन आता आम्ही घेणार नाही. उत्तर न आल्यास घरात उरलेला कापूस घेऊन आपल्या कार्यालयासमोर बसू.

आपले नम्र,
धाड व परिसरातील कास्तकार

सोबत : आधीच्या दोन अर्जांच्या पोच-प्रती