मुक्या जिवाचे मरण आणि मनाची टोचणी

निगडीच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. त्यांच्या घरी सतरा वर्षे वावरलेल्या मांजरीस मूत्रपिंडाचा विकार जडला होता. प्रथम ती पाणी फार पिऊ लागली, मग अंगाने झिजली, पुढे अन्नाचा वासही तिला सोसेना. औषधे झाली, कातडीखाली सलाईन देऊन झाले. अखेर दोन पावले टाकण्याचेही त्राण उरले नाही, तेव्हा पशुवैद्यांच्या सल्ल्याने घरच्यांनी तिला सुईने शांत मरण देवविले. ह्या गोष्टीस तीन महिने लोटले. परंतु ‘आपण तिला मारले’ हे एकच वाक्य बाईंच्या मनातून हलत नाही. घरातील वडील मंडळी मांजरहत्येच्या पातकाची आठवण करून देतात आणि शेजारपाजारचे लोक एका जनावरापायी एवढा शोक कशाला, म्हणून हसतात. आपल्या हातून पाप घडले काय, आणि ही टोचणी जावी कशी, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचा येथे सविस्तर विचार करणे आम्हांस योग्य वाटते.

मांजर हा प्राणी आपल्या घरांस नवा नाही; नवे आहे ते त्याचे म्हातारपण. जुन्या चिंचवडात, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराभोवतालच्या वाड्यांत, मांजर असे ते साऱ्या वाड्याचे. ओसरीवर निजावे, माळ्यावर उंदीर धरावे, कोणाच्या तरी घरचा दूधभात खावा आणि एके दिवशी दिसेनासे व्हावे, असा त्याचा क्रम. आजारी मांजर आडोशास जाऊन पडते, आपले दुखणे सहसा दाखवीत नाही. त्यामुळे त्याचे मरण बहुधा कोणाच्या दृष्टीस पडत नसे आणि त्याविषयी कोणास काही ठरवावेही लागत नसे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढे कारखान्यांची रांग भोसरीपासून थेट चाकणपर्यंत गेली, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. दोघातिघांचे कुटुंब, त्यांतही एकाची पहिली पाळी तर दुसऱ्याची रात्रपाळी. अशा घरात दार उघडताच पायाशी येणारे मांजर कुटुंबातलेच एक होऊन बसते. त्यास लस मिळते, वेळेवर अन्न मिळते, रस्त्यावरच्या वाहनांचे भय राहत नाही. म्हणून ते पंधरा, सतरा, प्रसंगी वीस वर्षेही जगते. पूर्वी जी गोष्ट निसर्ग आडोशास उरकून टाकी, तिचा निर्णय आता घरातल्या माणसांवर येऊन पडला आहे. टोचणीचे मूळ आम्हांस येथे दिसते.

आता पातकाचा प्रश्न. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारणाऱ्यास प्रायश्चित्त सांगितले आहे, तेव्हा वडील मंडळींचे म्हणणे निराधार नव्हे. परंतु शास्त्राचा आधार घ्यावयाचा तर तो पुरा घ्यावा. एका श्लोकात कडक प्रायश्चित्त सांगून लगेच पुढच्या श्लोकात पर्याय दिले आहेत: तीन रात्री केवळ दुधावर राहावे, किंवा एक योजन वाट चालावी, किंवा वाहत्या नदीत स्नान करावे, किंवा जलदेवतेचे सूक्त जपावे. योजन म्हणजे सुमारे चार कोस. चिंचवडहून पायी आळंदी गाठावी, साधारण तेवढेच अंतर. ह्यातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रायश्चित्ताला माप असते आणि शेवटही असतो. ते पुरे झाले की माणूस पुन्हा आपल्या संसारास लागतो. रोज तेच वाक्य मनात घोळवीत बसणे हे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले प्रायश्चित्त नव्हे.

दुसरे असे की, आपले स्मृतिकार हेतूकडेही पाहतात. गाईवर उपचार चालू असता, किंवा तिच्या पोटात अडलेले वासरू सोडविताना, यत्न करूनही ती दगावली तर प्रायश्चित्त नाही, असे वचन आहे. हे वचन मरण देण्याविषयी नाही, ते आपण होऊन आलेल्या मरणाविषयी आहे, हे उघड आहे. तथापि कृत्याबरोबर त्यामागील बुद्धी आणि यत्न ही दोन्ही तोलली पाहिजेत, हा न्याय त्यात स्पष्ट दिसतो.

ह्याच न्यायाची मोठी कसोटी १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात लागली. तेथील एक वासरू लुळे होऊन पडले होते. शुश्रूषा झाली, जाणत्या वैद्याने आशा सोडली. कूस बदलवितानाही त्यास असह्य वेदना होत, अन्न पोटात जात नसे, माश्या सतावीत. गांधीजींनी आश्रमातील मंडळींशी विचारविनिमय केला. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा आपणांस अधिकार नाही, असे एका सहकाऱ्याने निक्षून सांगितले. गांधीजींचे उत्तर असे की, हा आक्षेप स्वार्थासाठी जीव घेणाऱ्यास लागू पडेल. येथे स्वार्थ कोठे आहे? मग डॉक्टरास बोलावून सुई देवविली आणि दोन मिनिटांच्या आत सर्व आटोपले. ही हकीकत त्यांनी स्वतःच ‘नवजीवन’ पत्रात छापली. तिच्यावर संतप्त पत्रांचा पाऊस पडला आणि त्यांस ते पुढे कित्येक दिवस उत्तरे देत राहिले. त्याच लेखात शेतीची नासधूस करणाऱ्या वानरांचाही प्रश्न होता. त्यांस मारणे ही मात्र हिंसाच होय, असे ते म्हणतात, कारण तेथे मारणारा आपल्या लाभाकडे पाहतो. मरण दोन्हीकडे सारखेच. भेद एवढाच की, एक त्या जिवासाठी आणि दुसरे आपल्यासाठी. उलट बाजूस, भोसरीस आजही पांजरपोळ आहे. जनावर थकले, निरुपयोगी झाले, तरी त्यास नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळावे, ही पांजरपोळांची जुनी परंपरा होय. तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. दोन्ही वाटा दयेतून निघतात. म्हणून एका वाटेने गेलेल्याने दुसऱ्यास पापी म्हणू नये. आपल्या कायद्यानेही ह्या भेदाची दखल घेतली आहे. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक असा जो १९६० सालचा कायदा आहे, त्याच्या तेराव्या कलमात, ज्या प्राण्यास जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल त्यास मरण देण्याची तरतूद आहे.

म्हणून टोचणी लागलेल्या प्रत्येकाने स्वतःस प्रथम एकच प्रश्न विचारावा: हे मी कोणासाठी केले? उत्तर आठवणीवर सोडू नये, कागदावर मांडावे. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली ह्या कामासाठी एक सोपे कोष्टक दिले. वेदना, भूक, पाणी, अंगाची स्वच्छता, समाधान, हालचाल, आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत काय, अशा सात बाबी. प्रत्येकीस दहापैकी गुण. स्थिती जितकी बरी तितके गुण अधिक. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यास अर्थ आहे. ज्यांच्यापुढे हा निर्णय अजून यावयाचा आहे, त्यांनी हे कोष्टक दर आठवड्यास भरावे. ज्यांचा निर्णय होऊन गेला, त्यांनी शेवटच्या पंधरा दिवसांचे भरून पाहावे. बहुतेकांस आढळेल की, आपण घाई केली नव्हती.

काही टोचण्या निव्वळ अज्ञानातून येतात. त्या माहितीने जातात. ‘आधी कसे कळले नाही?’ ही एक. मूत्रपिंडांची सुमारे दोनतृतीयांश शक्ती नष्ट होईपर्यंत मांजरात बाहेरून फारसे काही दिसत नाही, आणि गेलेली शक्ती परत येत नाही. ‘शेवटी तिचे डोळे उघडेच होते, तिला सारे कळत होते,’ ही दुसरी, आणि फार जिव्हारी लागणारी. ह्या कामी बहुधा आधी गुंगीचे औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेत सोडतात. शुद्ध प्रथम जाते. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतात. मांजराचे डोळे मेल्यावर आपोआप मिटत नाहीत. नंतर एखादा उसासा यावा किंवा पाय थरथरावा, ही केवळ स्नायूंची क्रिया असते. त्या वेळी त्या जिवास काहीही जाणवत नसते. तिसरी टोचणी वेळेची. एक म्हणतो, चार दिवस थांबावयास हवे होते. दुसरा म्हणतो, चार दिवस उगाच हाल केले. पुष्कळदा एकच माणूस सकाळी पहिले आणि रात्री दुसरे म्हणतो. ह्यावरून उघड होते की, अचूक घटका अशी कोणतीच नव्हती, आणि जी नव्हती ती चुकल्याचा दोष कोणावरही येत नाही.

परंतु हेतू सर्वांचाच निर्भेळ असतो, असे म्हणून आम्ही कोणाची समजूत घालणार नाही. खर्च झेपेना, रजा मिळेना, रात्रीची जागरणे सोसवेनात, असेही मनात येते. दयेबरोबर थकवाही असला म्हणून दया खोटी ठरत नाही, आणि ऐपत नसणे हा काही अपराध नव्हे. पण औषधाने जो जीव बरा होण्याजोगा होता तो केवळ अडचण म्हणून दूर केला असेल, तर ती टोचणी खरी आहे, आणि तिला काम दिले पाहिजे. सोसायटीतल्या भटक्या मांजरांच्या नसबंदीचा खर्च उचलावा. पुढे जे मांजर घरी येईल त्याचे रक्त आणि लघवी म्हातारपणी वर्षातून एकदा तपासून घ्यावी. अशा कामाचे माप आपणच ठरवावे आणि ते पुरे झाल्यावर पुरे झाले असे मानावे.

उरला तो शोक. त्यास अपराध समजण्याची चूक फार जण करतात. माणूस गेले तर दहा दिवस सुतक असते, चार लोक भेटावयास येतात, रडण्यास जागा असते. मांजरासाठी ह्यातले काहीच नाही. म्हणून ते दुःख आत कोंडते आणि पापाचे रूप घेऊन बाहेर पडते. केनेथ डोका ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली समाजाने मान्यता न दिलेल्या अशा शोकास स्वतंत्र नाव देऊन तो चर्चेस आणला. घरच्यांनी एवढे करावे की, ‘एक मांजरच तर होते’ हे शब्द तोंडातून काढू नयेत, आणि गेलेल्या जिवाच्या गोष्टी मोकळेपणी बोलू द्याव्यात. लहान मुलांस ‘तिला डॉक्टरांनी झोपविले’ असे सांगू नये. मग मुले स्वतःच्या झोपेसच भितात. ती फार आजारी होती, बरी होणार नव्हती, म्हणून दुखू न देता मरण दिले, असे सरळ सांगावे. मूल ते समजते.

एक व्यावहारिक सूचना. औषधाचा अंश मृत देहात राहतो; देह उघड्यावर टाकल्यास तो खाणारी कुत्री, घारी, कावळे मरू शकतात. म्हणून तो पवनेत किंवा इंद्रायणीत सोडू नये, माळावरही टाकू नये. खोल पुरावा, किंवा महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे चौकशी करून योग्य ती व्यवस्था करावी.

निरोपासाठी काही विधी हवासा वाटला तर अवश्य करावा. एखाद्या सुटीच्या दिवशी पहाटे घरातून निघून पायी आळंदीस जावे, वाटेत तिच्याविषयी मनसोक्त बोलावे, दर्शन घ्यावे आणि संध्याकाळच्या बसने परत यावे. दुसऱ्या दिवशी तिची वाटी घासून कपाटात ठेवावी, आणि कामावर जावे.