जळालंय काय, ते आधी बघा

घरातली एखादी इलेक्ट्रॉनिक वस्तू बंद पडली की हल्ली पहिला प्रश्न "काय झालंय?" असा नसतो. "किती वर्षं झाली?" असा असतो. वय विचारायचं आणि निकाल द्यायचा. दहाच्या पुढे गेली असेल तर "मग झाले की पैसे वसूल, टाका आता". आमच्या होम थिएटरच्या रिसीव्हरबद्दल गेले तीन आठवडे मी हेच ऐकतोय. नाशिकच्या नातेवाइकांनी ऐकवलं, पुण्याहून चिरंजिवांनी फोनवर ऐकवलं, आणि "ही" तर म्हणाली की तेवढीच टीव्हीखालची जागा मोकळी होईल. म्हटलं, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहावं.

ज्यांना रिसीव्हर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी (मावशी, हे तुझ्यासाठी): टीव्हीखाली ठेवलेली ती काळी जड पेटी. टीव्हीचा आवाज आधी तिच्यात जातो आणि तिथून पाच स्पीकर आणि एका वूफरला वाटला जातो. आमची २०११ ची आहे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी लाईट दोन-तीनदा गेली-आली, आणि त्यानंतर पेटी सुरूच होईना. बटण दाबलं की आतून जो "टक्" आवाज यायचा तो येत नाही, नुसता लाल दिवा मिचमिचतो. पेठमध्ये पावसाळा काढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. नाशिक शहरापेक्षा इथे पाऊस कितीतरी जास्त, वीज कडाडते तीही जोरात, आणि पेटीच्या उबेला पाली-मुंग्या येऊन बसतात ते वेगळंच.

पेटी पिशवीत घालून एसटीने पन्नासेक किलोमीटर, कोटंबी आणि सावळघाट पार करून नाशिकला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. (वजन साडेनऊ किलो. हे मुद्दाम सांगतोय.) तिथल्या मुलाने मागचा मॉडेल नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि म्हणाला, "सर, हे मॉडेल बंद झालं. बोर्ड येत नाही. एक्स्चेंजमध्ये दोन हजार देऊ." एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. मुलगा वागायला चांगला होता, त्याचा दोष नाही. त्याला बोर्ड बदलायला शिकवलंय, आणि बोर्ड येत नाही म्हटल्यावर त्याचं काम संपलं.

आता माझं म्हणणं. त्या पेटीत खरं तर दोन यंत्रं राहतात, आणि त्यांचं वय वेगवेगळ्या वेगाने वाढतं.

पहिलं यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर. मोठा ट्रान्सफॉर्मर, दोन जाडजूड कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक. साडेनऊ किलोतला बराचसा भाग हाच. हे तंत्र इतकं जुनं आणि पक्कं आहे की २०११ च्या आणि आजच्या चांगल्या ॲम्प्लिफायरमधला फरक माझ्या कानाला तरी सांगता येणार नाही. दुसरं यंत्र म्हणजे एचडीएमआयचा डिजिटल बोर्ड. ते मात्र दुधासारखं नासतं. २०१३ साली एचडीएमआय २.० आलं, २०१७ मध्ये २.१ आलं, आणि २०११ चा बोर्ड केव्हाच मागे पडला. म्हणून "किती वर्षांचा?" या प्रश्नाला एक उत्तरच नाही. अर्धी पेटी म्हातारी आहे आणि अर्धी ऐन तारुण्यात. आधी बघायला हवं की जळालंय त्यातलं कोणतं.

ते बघायला मी परत पेठलाच आलो. आमच्या इथल्या टीव्हीवाल्या भाऊंनी फार जुन्या काळी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केलेला. त्यांच्या टेबलावर सगळ्या मेकॅनिककडे असतो तसा सिरीज बोर्ड आहे, म्हणजे शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडलेलं सॉकेट. बंद पडलेली वस्तू थेट मेनवर न लावता या बल्बमधून लावायची. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सगळं ठीक, आतले कपॅसिटर भरून झाले. तसाच भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि करंट बल्बनेच अडवल्यामुळे आणखी काही जळत नाही. तीस रुपयांच्या बल्बने मिळालेलं हे निदान नाशिकच्या कॉम्प्युटरने दिलं नव्हतं. आमचा बल्ब भगभगतच राहिला.

मग झाकण उघडलं, मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले (बंद पेटीतही ते चांगला झटका देतात, घरी कुणी प्रयोग करू नये) आणि मल्टिमीटर लावला. पाच चॅनेलपैकी फक्त पुढच्या डाव्या चॅनेलची आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी शॉर्ट झालेली. त्यामुळे स्पीकरवर थेट डीसी जाऊ नये म्हणून पेटी स्वतःहूनच सुरू व्हायला नकार देत होती. म्हणजे लाल दिवा मिचमिचत होता तो मेल्यामुळे नाही, स्पीकर वाचवण्यासाठी. बाकी चार चॅनेल ठणठणीत, डिजिटल बोर्डही जिवंत.

भाऊंना हे इतकं सहज कसं जमतं, तर लग्नसराई. आपल्या भागात डीजेचे आणि लाऊडस्पीकरचे ॲम्प्लिफायर सीझनमध्ये धडाधड जळतात आणि उद्याच्या हळदीला ते हवेच असतात. त्यांत बहुतेक वेळा सी ५२०० आणि ए १९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी असते. भाऊ ती डोळे मिटून बदलतील. डीजेच्या दणदणाटाला मी नेहमीच शिव्या घालत आलोय, पण तालुक्याच्या गावात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा हात त्यानेच जिवंत ठेवलाय हे मान्य करायला हवं. माझ्या पेटीतला नंबर वेगळा आहे, काम तेच. जोडीच्या मागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि छोटे रेझिस्टरही बदलावे लागतात, नाहीतर नवीन जोडी पहिल्याच दिवशी उडते. ही गोष्ट त्यांनी मी न विचारताच सांगितली, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

खर्च? सगळं मिळून सव्वीसशे. नवीन रिसीव्हर मला अडतीस हजारांना सांगितला होता.

अडचण एकच, सुटे भाग. बाजारात नकली ट्रान्झिस्टरचा सुळसुळाट आहे. वरचा छाप हुबेहूब, आतली चिप मात्र टिचभर. भाऊ ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानातूनच मागवतात, म्हणून दहा-बारा दिवस जातात. आणि सर्किटचा नकाशा? तो कंपनी देत नाही. कुठल्यातरी परदेशी हौशी माणसाने स्कॅन करून नेटवर टाकलेला सापडला, तो मी प्रिंट काढून नेऊन दिला. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. पण माझ्या मते खरी गरज ग्राहकापेक्षा भाऊंसारख्यांना आहे: नकाशा आणि अस्सल सुटे भाग, तेही मॉडेल बंद झाल्यावरसुद्धा. फ्रान्समध्ये २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप अशा काही वस्तूंवर ती दुरुस्त करणं किती सोपं आहे याचे दहापैकी गुण छापावे लागले. आपल्याकडे असे गुण लावले तर काही मंडळींना ग्रेस मार्क देऊनही पास करता येणार नाही!

आता साउंडबार. चिरंजिवांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. वायरी कमी, दिसायला सुबक. पण आईला गेल्या चार वर्षांत कमी ऐकू येतं, आणि कानाचं मशीन ती लावत नाही (लावायला सांगून बघा!). रिसीव्हरमध्ये एक सोय आहे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज तो वेगळा काढून मधल्या स्पीकरकडे पाठवतो, आणि हा सारखा आवाज म्हणजे बहुतेक वेळा माणसांचं बोलणं. तेवढाच स्पीकर मी वाढवून ठेवलाय. त्यामुळे मालिकेतलं पार्श्वसंगीत न वाढता संवाद तिला कळतात. काही साउंडबारमध्येही संवाद वाढवण्याची सोय असते, मी दुकानात ऐकून पाहिली. आवाज मोठा झाला, स्पष्ट झाला नाही. गेले तीन आठवडे आई मालिका लावते, अर्ध्या तासात टीव्ही बंद करते आणि "आज काही विशेष नव्हतं" म्हणते. हिशोबात हा आकडा कुणीच धरत नाही. आणि साउंडबारमध्ये स्पीकर, ॲम्प्लिफायर, डिजिटल बोर्ड सगळं एकाच नळीत. त्यातलं एक गेलं की सगळंच गेलं.

म्हणजे काहीही झालं तरी दुरुस्तच करा, असं मी म्हणत नाही. भाऊंनी एचडीएमआयचा बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं असतं तर मी त्यावर एक रुपया घातला नसता. तरी पेटी ठेवलीच असती, कारण टीव्हीच्या मागून ऑप्टिकल केबल टाकली की आवाज येतो, चित्र थेट टीव्हीत जातं, आणि जुन्या ५.१ ला तेवढं पुरतं. ट्रान्सफॉर्मर जळला असता तर मात्र नवीन घेतला असता. "नव्याच्या निम्म्याहून कमी खर्च असेल तर दुरुस्त करा" हा जो नियम सगळीकडे सांगतात तो मला पटत नाही. नासणाऱ्या भागावर निम्मा खर्च म्हणजे उधळपट्टी, टिकणाऱ्या भागावर तो स्वस्त पडतो.

ट्रान्झिस्टर सोमवारपर्यंत येतील असं भाऊ म्हणालेत. बसवल्यावर पेटी आधी दोन दिवस त्यांच्याच दुकानात बल्बवर आणि मग मेनवर चालवून बघणार, मगच घरी. आणि मामा, तुमचा माळ्यावरचा बंद ॲम्प्लिफायर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, इकडे पाठवा. दुरुस्त नाही झाला तरी त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक भाऊंना हवाय.