गाडी उंच केल्याने चिखल कमी होत नाही



पावसाळा तोंडावर आला की पिकअपवाल्या सभासदांचे दोन प्रश्न हमखास येतात. "पाटे वाढवून गाडी उंच करून घेऊ का?" आणि "एक साइज मोठे टायर टाकू का?" गॅरेजवाला हो म्हणतो, मोबाइलवरचे व्हिडिओही हो म्हणतात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. माल वाहणाऱ्या पिकअपला यातलं काहीच करू नका. तोच पैसा दुसरीकडे लावा. कुठे लावायचा ते शेवटी लिहिलंय, आधी कारणं वाचा.

*१) उंच केली तरी अडकणारा भाग खालीच राहतो*
पाणंदीत गाडी कशी अडकते ते आठवा. ट्रॅक्टरमुळे चाकोऱ्या खोल होतात, मधला उंचवटा तसाच राहतो. पिकअपच्या मागच्या एक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शिअल, त्या उंचवट्यावर टेकतो आणि चाकं जागेवर फिरत बसतात. आता पाटे वाढवले, किंवा एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घातला, तर वर जाते ती चेसिस आणि हौदा. डिफरन्शिअल चाकांच्या मधोमध असतं, ते जागचं हलत नाही. जो भाग टेकतो तो आधी होता तेवढाच खाली राहतो.

तो भाग वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. पण मिळतं किती? २१५/७५ आर १५ या टायरची उंची साधारण ७०३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३. टायर ३० मिमीने वाढला, पण एक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे तो निम्माच वर जातो, म्हणजे १५ मिमी. बोटभर जाडी झाली. जोराच्या एका पावसात चाकोरी याहून जास्त खोल होते.

*२) खरा धोका घाटात आहे*
आपला बराच माल ओतूरवरून माळशेज उतरून कल्याण-वाशीकडे जातो. उतारावर, ओल्या रस्त्यावर, धुक्यात. तिथे ब्रेक आणि तोल या दोनच गोष्टी कामाला येतात.

बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती दबली आहे हे बघून तो मागच्या ब्रेकला जोर देतो. गाडी रिकामी असेल तर कमी, भरलेली असेल तर जास्त. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा पुरेशी दबत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच असते. मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि उतारावर तो तापतो.

वरच्या हिशेबातला मोठा टायर टाकला तर तोच ब्रेक सुमारे ४ टक्के कमी पकडतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२-६३ ने पळत असते. चढावर पहिला-दुसरा गिअर जड जातो आणि क्लच लवकर जातो. हौदा उंच, त्यावर कॅरेटची थप्पी, म्हणजे वळणावर गाडी कलायला लागलीच. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलल्यामुळे क्रॉस लवकर वाजायला लागतो, तो खर्च वेगळा.

*३) पाटे वाढले म्हणजे पासिंग वाढलं नाही*
हे जरा स्पष्ट बोलतो. आपल्यापैकी अनेकजण पाटे वाढवतात ते चिखलासाठी नाही, जास्त माल भरायला. १,३०० किलो पासिंगच्या गाडीत भरलेलं कॅरेट २२ किलोचं धरलं तर ५९ कॅरेट बसतात. ८५ भरले की १,८७० किलो झाले. पाटे ते वजन पेलतील. पण हबचं बेअरिंग, एक्सल, टायर, ब्रेक सगळं जुनंच आहे. ड्रायव्हर नको म्हणतो आणि "भर रे अजून दहा" म्हणणारे आपणच असतो.

शिवाय कडक झालेल्या पाट्यांवर कमी माल असला की गाडी उड्या मारते. खालच्या कॅरेटमधला पिकलेला टोमॅटो दबतो, वाशीत पोहोचेपर्यंत पाणी सुटतं. वाचवलेल्या खेपेचे पैसे तिथे भावात जातात.

*४) कायदा*
जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उत्पादकाने ठरवलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. जादा मालाला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. अपघात झालाच तर न कळवलेल्या बदलाचं कारण पुढे करून विमा कंपनी दावा अडवू शकते. पिकअप हीच ज्या घराची कमाई आहे, त्या घराला हे झेपणारं नाही.

*मग पैसा कुठे लावायचा?*
✅ गाडी "बसली" असेल तर पाटे थकलेत किंवा एखादा तुटलाय. मूळ मापाचाच सेट दोन्ही बाजूंना टाका, यू-बोल्टही नवे घ्या. गाडी मूळ उंचीवर येते, तेवढी पुरे.
✅ टायर त्याच साइजचे, पण मागे खोल नक्षीचे. चिखलात नक्षी पकडते, उंची नाही. गोटा टायरवर पावसाळा काढू नका.
✅ टायरवरचा लोड इंडेक्स बघा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा घेऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.
✅ पावसात पिकअप डांबरीवरच उभी करा. शेतातून तिथपर्यंत माल ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणा. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून ट्रॉली लावली तर खर्च वाटला जातो.
✅ खरंच रोज चिखलातून जायचं असेल तर पुढची गाडी घेताना कंपनीतूनच येणारी फोर बाय फोर बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता. एका पाणंदीवर आठ पिकअप असतील तर आठ गाड्या उंच करण्याच्या खर्चात मधला उंचवटा काढून मुरूम पडतो. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये शासनाने रोजगार हमीच्या जोडीने योजना आणली होती. रस्त्यासाठी ग्रामसभेत ठराव करून घ्या. एकट्याने मागितलं तर फाइल पडून राहते, पाणंदीवरच्या सगळ्यांनी सह्या केल्या तर हलते.

तुमच्या पाणंदीचं नाव, गट नंबर आणि कुठे गाडी अडकते त्याचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. गावनिहाय यादी करून ग्रामसभेआधी तुमच्या हातात देऊ.

माझं म्हणणं पटत नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा. पण पाटे टाकायच्या आधी लिहा, नंतर नको.

— वाहतूक विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी