धुमाळचा 'धुमाल' झाला, त्याची शिक्षा धुमाळांना का?

मित्रांनो, आज जरा मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण हा विषय तुमच्या-माझ्या घरातल्या कागदांचा आहे.

परवा कापूरहोळ चौकात ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एका दुकानात बसलो होतो. पासष्ट-सत्तरीची एक आजी पिशवी घेऊन आली. पिशवीत सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. पोरानं कागद टेबलावर मांडले आणि मान हलवली. सातबाऱ्यावर धुमाळ, आधारवर धुमाल आणि पासबुकात इंग्रजीत एक 'ए' जास्त. पोरगा म्हणाला, "आजी, तीन कागदांवर तीन नावं आहेत. फॉर्म पुढे जाणार नाही." आजी म्हणाली, "आरं, कागदं तीन हायेत, मी एकलीच हाय की!"

सगळे हसले. आजी नाही हसली. तिची त्या कामासाठीची ती चौथी खेप होती. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज.

आता गंमत बघा. ज्या चौकात हे घडलं, त्या गावाचं नाव तरी कुठं एकसारखं लिहिलं जातं? कापूरहोळ, कापुरहोळ, कापूरव्होळ. पाट्या बघा, जुनी पुस्तकं बघा, तिन्ही सापडतील. म्हणून गाव तीन झालं का? सगळ्यांना माहीत आहे की पुणे-सातारा रस्त्यावर भोरकडे वळायचा फाटा तो हाच.

याच गावची धाराऊ. छत्रपती संभाजी महाराजांना दूध पाजणारी आपली दूधआई. तिचं नाव आपण 'धाराऊ गाडे' असंही लिहितो आणि 'धाराऊ गाडे पाटील' असंही. गाडे हे कूळ, पाटील हा गावचा मान. दोन्ही खरं. कुणी कधी विचारलं का, की बाई, तुमचं नक्की आडनाव कोणतं, आधी शपथपत्र आणा?

आपल्या मावळात आडनावं अशीच घडली. बारा मावळातले देशमुख घ्या. कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर. सगळे वतनाने देशमुख, कुळाने वेगवेगळे. आज त्याच घराण्यांत कुणी नुसतं जेधे लिहितं, कुणी जेधे देशमुख. बाजीप्रभू हिरडस मावळचे देशपांडे. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवणारा. आणि आपल्या भोरचे पंतसचिव? मूळ आडनाव गांडेकर. शंकराजी नारायण सचिव झाले, पुढे पद हेच घराण्याचं आडनाव झालं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, सचिवपद केव्हाच संपलं, आडनाव राहिलं.

पाटील-कुलकर्ण्यांचंही तेच. कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा 1950 चा, पाटीलकी रद्द करणारा 1962 चा. वतनं गेली, दप्तरं गेली, पण दारावरची पाटी तशीच. सांगायचा मुद्दा हा की आडनाव म्हणजे दगडावरची रेघ नाही. कधी गावावरून पडलं, कधी कामावरून, कधी मानावरून. जुन्या कागदांत तर कित्येकदा आडनावच नसतं. 'अमुक बिन तमुक' एवढंच, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. पुढे शाळा आली, कचेरी आली, कोर्ट आलं, आणि प्रत्येक माणसाला आडनावाचा रकाना भरणं भाग पडलं.

तो रकाना भरणारा कोण? समोर बसलेला लिहिणारा. त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. पूर्वीचे कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा फरकच नाही. मग ते देवनागरीत उतरवताना एकानं ऱ्हस्व केलं, एकानं दीर्घ. 1962 साली मराठी लेखनाचे नवे नियम सरकारनं स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. गांवचं गाव झालं, नांवचं नाव झालं. भोंसले लिहिणारे बरेच जण भोसले लिहू लागले. आजोबांच्या कागदावर टिंब आहे, नातवाच्या कागदावर नाही. यात फसवणूक कुणी केली? कुणीच नाही.

मोठ्या घराण्यांचंही हेच झालंय. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर आले. शिंद्यांचं तर बघा, आपले शिंदे ग्वाल्हेरला गेले, इंग्रजांनी त्यांच्या पद्धतीनं स्पेलिंग केलं आणि आज हिंदीत ते 'सिंधिया' झालेत. धारचे पवार इंग्रजीतून 'पुआर' झाले. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू मंडळींनीही किहीमवरून किहीमकर, रोह्यावरून रोहेकर अशी आडनावं घेतली आणि ती घेऊन काही जण इस्रायलला गेले.

आणि आपल्याच रस्त्यावर पुढे, साताऱ्यात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरला लागलं. भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर, त्याचं आंबेडकर. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. देशाला राज्यघटना देणाऱ्या माणसाचं आडनाव असं बदलत आलंय, हे लक्षात ठेवा.

मोठ्यांचं आडनाव बदललं की त्याचा इतिहास होतो. गरिबाचं बदललं की त्रुटी निघते. माझा आक्षेप इथं आहे.

आता ही 'त्रुटी' होते कशी, ते समजून घ्या. आधारची नोंद करताना बहुतेक वेळा नाव इंग्रजीत टाइप होतं, आणि मराठी अक्षरं मशीन आपोआप टाकतं. इंग्रजीत ळ नाही, ण नाही. धुमाळचा 'एल' झाला, 'एल'चा परत ल झाला. सणसचा 'एन' झाला, 'एन'चा परत न झाला. मराठी माणसाचं मराठी नाव इंग्रजीतून फिरून परत मराठीत आलं, आणि वाटेत अक्षर सांडलं. तिकडं सातबारा हातानं लिहिलेल्या मराठी कागदावरून संगणकावर चढला, तिथं ळ शाबूत राहिला पण काना-मात्रा कुठंतरी चुकली. आता दोन संगणक एकमेकांचं नाव जुळवून बघतात आणि म्हणतात, ही दोन माणसं वेगळी आहेत!

माझ्या घरचं सांगतो. वडील वारल्यावर वारस नोंदीला गेलो. मृत्यूच्या दाखल्यावर एक अक्षर वेगळं, सातबाऱ्यावर वेगळं. मी पत्रकार, कचेरीत ओळख असलेला, अर्ज लिहिता येणारा. तरी मला सात महिने लागले. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचं काय होत असेल?

बायकांचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत कधी हे कधी ते. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, पण न बदललं तरी प्रश्न, बदललं तरी प्रश्न. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचा निर्णय सरकारनं केला. चांगलाच निर्णय आहे. पण आईचं नाव कोणत्या कागदावरून घेणार? तीन कागदांवर तीन असेल तर तिची चूक तिच्या लेकराच्या जन्मदाखल्यातही उतरणार. म्हणजे पुढच्या पिढीची चौथी खेप आत्ताच ठरली.

काही जण म्हणतील, नावं जुळवली नाहीत तर बोगस लोक घुसतील, दुसऱ्याची जमीन लाटतील. बरोबर आहे. रिंगरोडच्या भूसंपादनाचे पैसे असोत नाहीतर शेतीचं अनुदान, खरा मालक कोण हे तपासलंच पाहिजे. पण तपासायचं म्हणजे माणूस तपासा. गावात चौकशी करा, चार पंच बोलवा, जुना फेरफार बघा. ळ आणि ल यांच्यातला फरक पकडून कुठलाही चोर सापडत नाही. चोराचे कागद तर एकदम जुळलेले असतात!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चूक ज्याच्या टेबलावर झाली, ती दुरुस्त करायची जबाबदारी त्याच टेबलाची. जमीन महसूल अधिनियमात कलम 155 आहे. लेखनातली चूक दुरुस्त करायची सोय त्यात आहे. मग गावोगावी शिबिर घ्या. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायतीचा माणूस आणि आधारचं मशीन एका दिवशी एका टेबलावर आणा. गावासमोर नाव वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करा. आपल्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत हा ठराव करावा. मी कापूरहोळच्या सभेत मांडणार आहे, तुम्ही तुमच्या गावात मांडा.

आणि तोवर आपणही काही गोष्टी करू.

घरातल्या सगळ्यांचे कागद एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा. काम अडल्यावर नाही, आत्ता.

आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात साधारण दोनदाच मिळते. म्हणून ऑपरेटर स्क्रीन दाखवतो तेव्हा इंग्रजीच्या खालची मराठी ओळ वाचा. पावतीवरही वाचा. ळ आहे ना, ण आहे ना, बघा.

पोरं शाळेत आहेत तोवरच रजिस्टरचं नाव तपासा. दहावीचं सर्टिफिकेट हातात आल्यावर पळापळ वाढते.

आणि जुने कागद फेकू नका. कारीच्या जेध्यांनी आपल्या घरातली शकावली जपली, म्हणून शिवजयंतीची तारीख ठरवताना इतिहासकारांना आधार मिळाला. तुमच्या माळ्यावरच्या गाठोड्यात काय आहे, कुणास ठाऊक.

शेवटचं एक. आडनाव ऐकून माणसाची जात ठरवायची खोड आपल्याला आहे. पवार, जाधव, मोरे, शिंदे ही आडनावं किती समाजांत आहेत, ते आठवा. जे आडनाव इतक्या वेळा बदललं, इतक्या हातांनी लिहिलं, त्यावरून समोरच्याला वर किंवा खाली बसवायचं हे शहाणपण नाही.

त्या आजीचं काम अजून झालेलं नाही. सोमवारी मी तिच्याबरोबर तहसीलला जाणार आहे. काय झालं ते इथंच लिहीन.

तुमच्या घरात एकाच आडनावाचे किती प्रकार लिहिलेत, ते खाली सांगा. फक्त आधारचा फोटो टाकू नका, नुसतं आडनाव लिहा. यादी मोठी झाली की ती घेऊनच अधिकाऱ्यांना भेटू.