चेंडू हातीं दिला, बॅट दिली नाहीं

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, गहू-हरभरा खळ्यावर आला, कीं जळगांव-धुळ्याकडच्या गांवोगांवीं मोकळ्या शेतांत तीन काठ्या रोवल्या जातात व क्रिकेट सुरू होतें. आमच्या पोरांना आजच्या खेळाडूंचीं नांवें तोंडपाठ आहेत. कोणीं किती धावा काढल्या, कोणाची किती कोटींना बोली लागली, हें तीं झोपेंतही सांगतील. पण बाळू पालवणकर कोण, असें विचारलें तर वर्गांत सारीं एकमेकांकडे पाहतात. हा दोष पोरांचा नव्हे. ज्यांनीं सांगायचें त्यांनीं सांगितलें नाहीं. म्हणून आज आम्ही सांगतों.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडास झाला. घराणें मूळचें रत्नागिरीकडील पालवणचें, जात चांभार, वडील पलटणींतल्या नोकरींत. पुण्यास पारशांच्या क्रिकेट क्लबांत हा मुलगा महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडूं लागला. पुढें साहेबलोकांच्या जिमखान्यांत ४ रुपये मिळाले. तेथें रोलर ओढावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकावा, हें काम. ग्रेग नांवाचा तेथला उत्तम फलंदाज, आपणांस बाद केलेंस तर दरवेळीं आठ आणे देईन, असें म्हणे, अशी गोष्ट सांगतात. डाव्या हाताचा हा गोलंदाज असा मजुरीवर तयार झाला.

पण एक गोष्ट ध्यानांत घ्या. इतकीं वर्षें चेंडू टाकून घेणाऱ्यांनीं सरावाला त्यांच्या हातीं बॅट कधीं दिली नाहीं, असें सांगितलें जातें. चेंडू टाकणें हें घाम गाळण्याचें काम, तें चाकरानें करावें. बॅट मिरवण्याची वस्तू, ती धन्यानें धरावी. अष्टपैलू खेळाडू कोणास म्हणतात? दोन्ही कामें ज्यास साधतात त्यास. मग ज्याला एकच काम करूं दिलें, तो दुसऱ्यांत उणा पडला असें कोणत्या तोंडानें म्हणावें? शेतकरी बंधूंनो, सुतार-लोहार बंधूंनो, ही रीत आपणांस नवी नाहीं. राबणें आपल्याकडे आणि हिशेब दुसऱ्याकडे, हीच ती रीत.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचें होतें. तेव्हां बाळू पाहिजे झाले. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू उच्चवर्णीय खेळाडू बिनदिक्कत झेलीत. मात्र चहाच्या वेळीं बाळूंनीं मंडपाबाहेर उभें राहून मातीच्या भांड्यांतून चहा प्यावा आणि जेवावयास वेगळें बसावें. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर जेवावयास काय हरकत आहे, असें न्यायमूर्ति रानड्यांनीं उघड विचारलें. पुढें हा भेद हळूहळू ढिला पडला. पण आधीं बळी घ्यावे लागले, मग पंगत मिळाली.

प्लेगाच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले व हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें, त्यांत त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या हाताखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकीं १५ हरला, ६ जिंकला. अशा पडत्या संघांतून एकट्या बाळूंनीं शंभराहून अधिक बळी घेतले.

इतकें करूनही हिंदूंचें कप्तानपद त्यांस दिलें नाहीं. धाकटे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल हेही नामांकित खेळाडू. विठ्ठल तर पहिल्या प्रतीचा फलंदाज. थोरल्यास न मिळालेली बॅट धाकट्यानें गाजविली. १९२० सालीं बाळूंस संघांतून वगळलें व विठ्ठलचा कप्तानपदाचा हक्क डावलला, तेव्हां शिवराम व विठ्ठल संघ सोडून बाहेर पडले आणि हा अन्याय जातीमुळें झाला, असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. लोकांनीं त्यांची बाजू उचलून धरली. अखेरच्या सामन्यास भावांना परत घ्यावें लागलें व बाळू उपकप्तान झाले. १९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाला आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं स्पर्धा जिंकली. गुणाला जात नसते, याहून अधिक पुरावा कोणास पाहिजे?

आमचे कांहीं वाचक विचारतील, हेच बाळू १९३७ सालीं मुंबईच्या निवडणुकींत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले ना? होय, राहिले आणि पडले. १९३२ च्या पुणें करारावरही त्यांची सही आहे. त्या वाटेविषयीं मतभेद असूं शकतो. पण ज्या वेळीं अस्पृश्य समाजाला अभिमानानें बोट दाखवावें असा माणूस विरळा होता, त्या वेळीं तो माणूस बाळू होते. तरुण आंबेडकरांनाही त्यांचें मोठें कौतुक होतें. एका निवडणुकीवरून साऱ्या आयुष्याचें माप काढणें न्यायाचें नव्हे. ४ जुलै १९५५ रोजीं ते वारले.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. आज मातीचें भांडें गेलें, हें खरें. पण गांवच्या स्पर्धेंत वस्तीवरचा पोरगा जोरांत चेंडू टाकतो आणि कप्तान मात्र ज्याच्या बापानें वर्गणी दिली तो होतो, असें होत नाहीं काय? बक्षिसाच्या वेळीं व्यासपीठावर कोण बसतो? मुलींना मैदान किती वेळ मिळतें? शाळेचें खेळाचें सामान कपाटांत कुलुपाआड धूळ खात नाहीं ना?

आमचें मागणें थोडें आहे. शाळेचें कपाट रोज संध्याकाळीं उघडावें. जो चेंडू टाकील त्याला बॅटही मिळावी. कप्तान खेळाडूंनीं निवडावा, वर्गणीदारांनीं नव्हे. सामना संपल्यावर सर्वांनीं एका पंगतींत भाकरी खावी. यास सरकारी ठराव लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. गांवच्या चार शहाण्या माणसांनीं मनावर घेतलें म्हणजे झालें. बाळूंचें स्मारक दगडाचें नसलें तरी चालेल. पण पुढच्या हंगामांत रोलर ओढणाऱ्याच्या पोराच्या हातीं बॅट दिसली पाहिजे.